साउंडवाल्याचा शुक्रवार

बारामतीहून इंदापूरकडे निघालं की सणसर, बेलवाडी, लासुर्णे, जंक्शन आणि मग आमचं अंथुर्णे. इथे माझा साउंडचा धंदा आहे. हळद, वरात, जयंती, गणपती, यात्रा, शाळेचं गॅदरिंग, कीर्तन, जिथे माइक आणि स्पीकर लागतो तिथे माझा टेम्पो उभा असतो. या धंद्याइतकंच मला वेड आहे ते नव्या अल्बमचं. डान्सचे आणि हिपहॉपचे अल्बम. २०१५ च्या जुलैपासून जगभरातल्या कंपन्यांनी नवं संगीत शुक्रवारी आणायचं ठरवलं, त्यामुळे गुरुवारची मध्यरात्र झाली की माझा हात फोनकडे जातो. त्या आठवड्यात रात्रीची लाइट असली, तर उसाला पाणी देता देता बांधावर बसून ऐकतो. काम नसलं तर दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून ऐकतो.

ओळखीची माणसं विचारतात, "गिऱ्हाइकाला पाहिजे झिंगाट, तुम्ही हे कशाला ऐकत बसता?" त्याचं उत्तर सविस्तर द्यावं असं बरेच दिवस मनात आहे. आज माझ्या हातून जे बरं काम होतं, ते मी मोठ्या शहरातल्या कुठल्या कोर्सला जाऊन शिकलो नाही. ते मला अल्बमनी शिकवलं.

साउंडच्या आधी माझं मोबाइलचं दुकान होतं. रिचार्ज, कव्हर, चार्जर आणि मेमरी कार्डात गाणी भरून देणं. "दोन जीबीचं आहे, फुल मारून द्या," म्हणत माणसं कार्ड टेबलावर ठेवायची आणि समोर चहा प्यायला जायची. गळीत हंगाम लागला की ट्रॅक्टरवाले सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. भवानीनगरच्या श्री छत्रपती कारखान्यावर उसाच्या गाड्यांची रांग लागायची, नंबर येईपर्यंत रात्र जागून काढायची, आणि त्या जागरणाला सोबत ट्रॅक्टरवर बसवलेल्या स्पीकरची. एक ड्रायव्हर मला दरवेळी सांगायचा, "भाऊ, शब्द कळले नाही तरी चालतील, पण बेस पाहिजे. बेस असला की झोप येत नाही." डान्स म्युझिकची एवढी नेमकी मागणी मी नंतर कुणाकडून ऐकली नाही.

कार्डात गाणं जायचं, पण ते करणाऱ्याचं नाव जायचं नाही. फाइलवर 'ट्रॅक ०१' एवढंच असायचं, नाहीतर ज्याने खाली ढोल चिकटवला त्या रिमिक्सवाल्याचं नाव. गाणी वेगवेगळ्या फोल्डरमध्ये लावायची म्हणून मला प्रत्येक गाणं थोडं तरी ऐकावं लागे. ऐकता ऐकता कान तयार होत गेला आणि प्रश्न पडू लागले. हा आवाज कुणी काढला? हे गाणं कुठल्या गाण्यानंतर यायला पाहिजे होतं?

२०१५ च्या सप्टेंबरात, गणपतीच्या हंगामात, न्यूक्लियाचा 'बेस रानी' आला. न्यूक्लिया म्हणजे उदयन सागर. अल्बम मोफत उतरवून घेता येत होता, म्हणून तो माझ्यापर्यंत लगेच पोचला. एका माणसाने एका मनाने केलेली गाणी एका रांगेत असतात, हे मला त्या अल्बममुळे पहिल्यांदा जाणवलं. त्यात रस्त्यावरच्या मिरवणुकीचा आवाज होता, पंजाबी होतं, चिन्ना पोन्नू या तमिळ लोकगायिकेचा खणखणीत गळा होता, आणि तरी सगळं एकाच घरचं वाटत होतं. आमच्या चौकात जो आवाज वर्षानुवर्षं ऐकत आलो, तो कुणीतरी मान देऊन, घासूनपुसून, जगासमोर ठेवला होता. त्याच अल्बममध्ये 'जंगल राजा' या गाण्यात मुंबईचा रॅपर डिव्हाइन होता. त्याच्या आवाजाचा माग काढत मी हिपहॉपमध्ये शिरलो आणि आजवर बाहेर आलेलो नाही.

पुढच्या वर्षी दोन गोष्टी घडल्या. एप्रिलमध्ये 'सैराट' आला आणि सप्टेंबरात जिओ. जिओने कार्ड भरायचा धंदा काही महिन्यांत संपवला. सैराटने मला साउंडच्या धंद्यात ओढलं. उजनीच्या पलीकडे, करमाळ्याच्या मातीत चित्रित झालेला सिनेमा, म्हणजे आमच्या शेजारचाच. अजय-अतुल यांनी त्यातल्या गाण्यांचा वाद्यवृंद हॉलिवूडच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित केला होता. ती गाणी हेडफोनवर ऐकताना व्हायोलिनचे थर एकावर एक चढताना कळायचे. तीच गाणी वरातीत वाजली की नुसता धडधडाट आणि वर चिरका आवाज. मधलं सगळं गायब. एवढ्या कष्टाने रेकॉर्ड केलेलं संगीत आमच्या चौकात येईपर्यंत कुठे सांडतं, या प्रश्नाने मला झपाटलं. जुना सेट विकत घेतला तो याच प्रश्नापायी.

मग कळलं की हिपहॉपच मुळात एका साउंडवाल्याने जन्माला घातलं आहे. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, १५२० सेज्विक अ‍ॅव्हेन्यू या इमारतीच्या सभागृहात, क्लाइव्ह कॅम्पबेल नावाच्या जमैकन पोराने आपल्या बहिणीच्या पार्टीला साउंड लावला. शाळा सुरू व्हायच्या आधी कपडे घ्यायला पैसे जमवावेत म्हणून बहिणीने ती पार्टी ठेवली होती. मुलींना २५ सेंट आणि मुलांना ५० सेंट तिकीट होतं. जग त्या पोराला डीजे कूल हर्क म्हणून ओळखतं. त्याचे वडील एका बँडचा साउंड सांभाळायचे, घरात स्पीकर होते. जमैकात रस्त्यावर मोठमोठे साउंड लावून नाचायची रीत होती, ती तो लहानपणी पाहून आला होता. त्याच्या लक्षात आलं की गाण्यात गायक थांबतो आणि नुसता ड्रम वाजतो, तेवढ्या तुकड्यावर माणसं जीव तोडून नाचतात. त्याने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलवर लावल्या आणि तो तुकडा संपला की दुसरीकडून पुन्हा सुरू करत तो लांबवत नेला. तालाच्या त्या लांबलेल्या तुकड्यांवर पुढे माणसं बोलू लागली, यमकं जुळवू लागली.

हे वाचलं तेव्हा मला फार बळ आलं. माणसं कुठे नाचतात, कुठे थबकतात, हे पाहून त्याने नवी कला घडवली. माझीही जागा तीच आहे. मिक्सरमागे उभं राहून मी गाण्याकडे कमी आणि पायांकडे जास्त पाहतो. हळदीत बायका कुठल्या ठेक्याला उठतात, वरातीत म्हातारी माणसं कुठल्या गाण्याला मागे सरतात, हे मला मीटरवर दिसत नाही, समोर दिसतं.

डान्स आणि हिपहॉप ही दोन नावं मी एका दमात घेतो, कारण दोन्हींच्या मुळाशी त्याच पेट्या आहेत. रोलंड या जपानी कंपनीने १९८० मध्ये टीआर-८०८ हे ताल वाजवणारं यंत्र काढलं. त्याचा ढोल खऱ्या ढोलासारखा वाजत नाही म्हणून ते फारसं खपलं नाही आणि तीन वर्षांत बंद झालं. जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागलं तेव्हा पैसे नसलेल्या पोरांनी ते उचललं. १९८२ च्या 'प्लॅनेट रॉक' या गाण्यात न्यूयॉर्कचं हिपहॉप आणि जर्मनीच्या क्राफ्टवर्कचं यंत्रसंगीत ८०८ च्या तालावर एकत्र आलं. त्याच सुमारास शिकागोत फ्रँकी नकल्स वेअरहाउस क्लबमध्ये हाऊस संगीत घडवत होता.

आणि त्याच १९८२ साली मुंबईत चरणजित सिंग यांनी हेच ८०८, सोबत टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८, अशी तीन रोलंड यंत्रं घेऊन दहा रागांचा एक अल्बम केला. चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात वाजवणारा वादक, डिस्कोचा ठेका, वर राग. त्या वेळी कुणी फारसं लक्ष दिलं नाही. अशाच आवाजाच्या शिकागोच्या अ‍ॅसिड हाऊसचं पहिलं गाणं म्हणून ज्याचं नाव घेतात, ते त्यानंतर पाच वर्षांनी, १९८७ मध्ये आलं. २०१० मध्ये एका डच कंपनीने सिंग यांचा अल्बम पुन्हा काढला आणि जगभरातले डीजे थक्क झाले. म्हातारपणी त्यांना परदेशी मंचांवर बोलावणी आली. २०१५ मध्ये ते गेले. मी तो अल्बम ऐकतो तेव्हा अभिमानाने ऊर भरून येतो, आणि हळहळही वाटते. आपल्याकडे एवढं मोठं काम झालं आणि आपण ते तेव्हाच ऐकलं असतं तर!

आता कामाचं सांगतो. आजच्या हिपहॉपमध्ये ८०८ चा ढोल लांबवून, सुरात लावून बेस म्हणून वाजवतात. तो साधारण ४० ते ६० हर्ट्झमध्ये घुमत राहतो. हाऊसमधला ढोल आपटतो आणि लगेच थांबतो, हा थांबत नाही. अठरा इंची स्पीकरवर असा बेस सतत सोडला की कॉइल तापते. बॉक्स ज्या आवाजासाठी बांधलेला असतो त्याच्याही खालचा आवाज गेला तर कोन नुसता पुढेमागे धावतो, ऐकू काही येत नाही, आणि शेवटी फाटतो. आमच्या भागात कोन बदलून देणाऱ्यांचा धंदा यावरच चालतो. बहुतेक ऑपरेटर म्हणतात, "बेस कमी पडतोय, वाढव." मी आधी ३० ते ३५ हर्ट्झच्या खालचं सगळं कापतो. मग बेस आणि टॉप जिथे एकमेकांना भेटतात तिथला क्रॉसओव्हर नीट लावतो, दोघांची पोलॅरिटी जुळते का पाहतो. एवढं केलं की त्याच अ‍ॅम्प्लिफायरवर, क्लिपचा लाल दिवा न लागता, बेस छातीवर येतो.

हे कुठे चुकतंय ते कानाला कळावं म्हणून मी प्रत्येक ठिकाणी सेट जोडला की आधी ठरावीक अल्बममधली ठरावीक गाणी हळू आवाजात लावतो. ती मी हेडफोनवर इतक्यांदा ऐकलेली असतात की त्यात काय कुठे आहे हे मला पाठ आहे. ज्या गाण्यात बेस आणि बोलणाऱ्याचा आवाज यांच्यात मोकळी जागा ठेवलेली आहे, ती जागा इथे भरून गेली, तर दोष जागेचा किंवा माझ्या सेटिंगचा. समोर पत्र्याचं शेड असेल तर वेगळं, उघडं रान असेल तर वेगळं, दोन्ही बाजूंना सिमेंटच्या भिंती असतील तर आणखी वेगळं. बेसचं पाटाच्या पाण्यासारखं आहे. दार किती उघडलं यावर भागत नाही, रान कसं आहे ते आधी बघावं लागतं, नाहीतर एका कोपऱ्यात तुंबतं आणि टोकाला कोरडं राहतं. म्हणून मी मंडपभर फिरून ऐकतो आणि मगच जनरेटरवाल्याला चहा प्यायला सोडतो.

सुटं गाणं एवढं शिकवत नाही. दिल्लीच्या सेझ ऑन द बीट या संगीतकाराने रॅपर प्रभ दीपचा 'क्लास-सिख' २०१७ मध्ये केला आणि 'सीधे मौत'चा 'बयान' २०१८ मध्ये. दोन्ही अल्बमना अखेरपर्यंत संगीत एकाचंच. सलग ऐकलं की कळतं, तो बेस कुठे भरतो, कुठे मुद्दाम काढून घेतो, आणि काढून घेतल्यावर शब्द कसे उघडे पडतात. डिव्हाइनचा पहिला पूर्ण अल्बम 'कोहिनूर' २०१९ चा, मग २०२० चा 'पुण्य पाप', २०२२ चा 'गुनेहगार'. अंधेरीच्या वस्तीतल्या एका माणसाचं वाढत जाणं या तीन अल्बममधून ऐकता येतं. पुण्याच्या ताडीवाला रोडच्या एमसी स्टॅनचा 'तडीपार' २०२० मध्ये आला, 'इन्सान' २०२२ मध्ये. २०२३ मध्ये बिग बॉस जिंकल्यावर त्याचं नाव आमच्या गावातल्या आज्यांनाही ठाऊक झालं, पण माझ्याकडची पोरं त्याच्यामागे आधीपासूनच होती. त्यांना त्याच्यात टीव्हीवरचा माणूस दिसत नव्हता. एसटीने तीन तासांत गाठता येईल अशा ठिकाणचा पोरगा दिसत होता.

गाण्यांच्या क्रमाचं महत्त्व मला अमेरिकन रॅपर केंड्रिक लमारने शिकवलं. त्याचा 'डॅम' हा अल्बम २०१७ मध्ये आला, त्याला पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं. २०१७ च्याच अखेरीस त्याने तीच गाणी उलट्या क्रमाने लावून अल्बम पुन्हा काढला. गाणी तीच, पण सरळ ऐकलं तर एक गोष्ट, उलट ऐकलं तर दुसरी. मी इंग्रजी शब्द फोनवर वाचत वाचत दोन्ही बाजूंनी ऐकलं आणि त्यानंतर माझी वरात लावायची पद्धत बदलली. पूर्वी पहिल्या गाण्यालाच सगळं ओतलं जायचं आणि अर्ध्या तासात पोरं दमून बाजूला व्हायची. आता मी मारुतीच्या देवळापासून नवरीच्या दारापर्यंतचा रस्ता आधी चालून बघतो. सुरुवातीला संथ ठेका, जुनी गाणी, की आत्या-मावश्याही सामील होतील. मग मिनिटाला १०० ठोक्यांच्या आसपासची गाणी. चौकात जागा मोठी, तिथे १२० ते १३० च्या चालीचं हाऊस. रॅप लावायचा तर अशा वेळी, की पोरांना दम घ्यायचाय पण थांबायचं नाही, कारण त्याची चाल निम्म्यावर धरता येते. दवाखाना किंवा आजारी माणसाचं घर आलं की आवाज उतरतो. दाराशी शेवट सनईवर. परवा एक आजोबा म्हणाले, "आज वरात कधी संपली कळलंच नाही." त्या शाबासकीत केंड्रिकचाही वाटा आहे, हे त्यांना ठाऊक नाही.

आमच्या मातीत ताल काही कमी नाही. गजीनृत्याचा ढोल वाजू लागला की दोन गावं लांब कळतं. हलगीवाला बोटांची जागा बदलून एकाच चामड्यातून निरनिराळे आवाज काढतो. आषाढीच्या वाटेवर संत तुकाराम महाराजांची पालखी बेलवाडीच्या गोल रिंगणानंतर आमच्या अंथुर्ण्यात येते. तेव्हा माझं काम कीर्तनाचं आणि सूचनांचं. बेस बॉक्स घरीच असतात. माइकवर १०० हर्ट्झच्या खालचं कापून टाकलं की बुवांचा शब्द शेवटच्या माणसापर्यंत स्वच्छ जातो. दिंडी जवळून जाते तेव्हा मी हातातलं काम ठेवून ऐकतो. खाली पखवाज, वर टाळ, मध्ये माणसांचा गळा. एक म्हणतो आणि बाकीचे उचलून धरतात. उत्तम मिक्सिंग केलेल्या अल्बममध्ये जी मांडणी मला ऐकू येते, ती हीच. यंत्राविना शेकडो माणसांनी चालता चालता केलेली. माझ्या मनात या दोन गोष्टी कधी एकमेकींच्या विरोधात उभ्या राहिल्या नाहीत.

मराठीत आता चांगलं घडतं आहे. मुंबईच्या स्वदेशी या हिपहॉप गटाने आरेच्या जंगलासाठी वारली समाजाच्या प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन 'वारली रिव्होल्ट' हे गाणं केलं. त्यांच्यातला एमसी मवाली मराठीत ठासून बोलतो. याच गटाचा एमसी तोडफोड २०२२ मध्ये ऐन चोविशीत गेला, ती बातमी वाचून मी दुकान उघडलं नव्हतं. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर टीव्हीवरच्या हसल स्पर्धेत विदर्भाची बोली घेऊन उभा राहिला. पुण्याचा सांबाटा मराठीत रॅप करतो. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं 'तांबडी चामडी' स्पिनिन या नावाजलेल्या डच कंपनीने काढलं, आणि मराठी शब्द हाऊसच्या ठेक्यावर परदेशी डीजेंच्या मंचावर वाजू लागले. ते मी पहिल्यांदा चौकात लावलं तेव्हा नाचणाऱ्या पोरांना ते कुठून आलंय याच्याशी घेणं नव्हतं. गाणं आपलं आहे एवढं त्यांना पहिल्या ओळीतच कळलं.

पण यातली बरीचशी सुटी गाणी आहेत. मला वाट आहे ती इंदापूर-बारामतीच्या बोलीतल्या पूर्ण अल्बमची. माझ्या दुकानात वालचंदनगर, शेळगाव, निमगाव केतकीकडची पोरं येतात. फोनच्या नोट्समध्ये त्यांनी ओळी लिहिलेल्या असतात. पोलीस भरतीची पहाटेची धाव, कारखान्याचं थकलेलं बिल, पाण्याचं आवर्तन, लग्न न जमणं, पुण्यात कंपनीत गेलेला भाऊ. मी त्यांना माइक लावून देतो, गाद्या उभ्या करून कोपरा बंद करतो, म्हणजे आवाज घुमत नाही. सामान नाही म्हणून कुणी रडू लागला की मी नेझीचं नाव सांगतो. कुर्ल्याच्या त्या पोराने २०१४ मध्ये 'आफत' हे गाणं आयपॅडवर रेकॉर्ड करून, त्यावरच चित्रित करून सोडलं होतं, आणि पाच वर्षांनी त्याच्या आणि डिव्हाइनच्या आयुष्यावरून प्रेरणा घेऊन 'गली बॉय' झाला.

आवाजाबद्दल बोललं पाहिजे. आमच्या धंद्यावर लोकांचा राग आहे आणि तो रास्त आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरला बंदी आहे. अमेरिकेच्या कामगार आरोग्य संस्थेच्या हिशेबाने ८५ डेसिबलमध्ये आठ तास, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं पुरे. या धंद्यात कान गेलेले ऑपरेटर मी पाहिले आहेत, कमी वयात. मी कानात इअरप्लग घालतो आणि माझ्याकडच्या पोरांनाही घालायला लावतो. ज्याने अल्बम मन लावून ऐकले आहेत, त्याला कानठळ्या बसवायची गरज वाटत नाही. आवाज स्वच्छ असला की कमी आवाजातही माणूस नाचतो. हे मी चौकाचौकात पाहिलं आहे, आणि माझ्या धंद्यातल्या भावांनी हे मनावर घ्यावं अशी माझी हात जोडून विनंती आहे.

नव्या अल्बमने मला दरवेळी काहीतरी दिलं. कधी ठेका, कधी शांतता कुठे ठेवायची याचं भान, कधी एखाद्या अनोळखी वस्तीची ओळख. त्यामुळे वाचणाऱ्यांना एवढंच सांगतो. रील्सवरचा पंधरा सेकंदांचा तुकडा ऐकून गाणं ऐकलं असं समजू नका. आवडीचा एक अल्बम निवडा, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत करणाऱ्याने लावलेल्या क्रमाने ऐका, आणि गाणारा, लिहिणारा, बीट करणारा, मिक्स करणारा, सगळ्यांची नावं वाचा. आपल्या तालुक्यातलं एखादं पोरगं आपल्या बोलीत अल्बम करत असेल तर त्याला शंभर रुपये देऊन ऐका. आणि जी पोरं लिहीत आहेत त्यांनी एका व्हायरल गाण्यावर थांबू नये. आठ-दहा गाण्यांची एक गोष्ट सांगावी, पुण्या-मुंबईची भाषा उसनी न घेता. माइक, कोपरा आणि ऐकणारा कान माझ्याकडे आहे. अंथुर्ण्याच्या स्टँडवर कुणालाही विचारा, साउंडवाल्याचं दुकान दाखवतील.